आईची मिश्री सुटेपर्यंत

आमच्या हायस्कुलात व्यसनांविरुद्धची लढाई इतक्या जोरात चालली होती की व्यसनांना तिची दखल घ्यायलाही सवड झाली नाही. लढणारा माणूस एकच होता, आमचे सर. ते आम्हाला शरीरशास्त्र आणि आरोग्य शिकवायचे. इतर शाळांत आरोग्याचा तास म्हणजे भूगोलाच्या मास्तरांनी ढापायचा तास असतो. आमच्या सरांनी भूगोलाचे तास ढापले आणि त्यात आरोग्य घुसवलं. त्यामुळे आमच्या तुकडीतल्या कुणाला नद्यांचे उगम सांगता येत नाहीत, पण उजव्या फुप्फुसाला डाव्यापेक्षा एक खण जास्त असतो हे मात्र आम्ही झोपेतही सांगू.

शाळा नेवासा तालुक्यात, घोडेगावच्या बाजाराच्या वाटेवर. बाजाराच्या दिवशी बैलांचे व्यापारी, हेडे, दलाल शाळेच्या कुंपणाला टेकून तंबाखू मळत बसायचे आणि आतल्या पोरांना प्रेमानं चिमूटभर द्यायचे. तंबाखू देणं ही आमच्याकडे माणुसकीची पहिली खूण होती. सरांना ती माणुसकी सहन व्हायची नाही. ते उंच, किडकिडीत होते, भर उन्हाळ्यात कोट घालायचे आणि छत्री सदैव काखेत असायची. कुठलंही वाक्य ते "शास्त्र काय सांगतं?" असं सुरू करायचे आणि पुढे स्वतःला जे वाटेल ते सांगायचे. "शरीर ही भाड्याची खोली आहे, मालकाला परत द्यायची आहे," हे त्यांचं आवडतं वचन. आमची सगळ्यांची घरं स्वतःची आणि कुडाची असल्यामुळे त्याचा कुणावर काही परिणाम झाला नाही.

सरांचं नाक हे आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं एकमेव चालू उपकरण होतं. सकाळी ते फाटकात उभे राहायचे आणि प्रत्येक मुलानं त्यांच्या तोंडावर "हा" करून आत जायचं. मुलं पेरूचा पाला चावून यायची, कांदा खाऊन यायची. सर डोळे मिटून वास घेत आणि निकाल सांगत. "वर पेरूचा पाला, त्याखाली कांदा, त्याखाली बिडी. तीही कालची संध्याकाळची." ते कधी चुकले नाहीत. जप्त केलेल्या काडेपेट्यांवर सरांच्या घरची चूल वर्षभर पेटायची असं मुख्याध्यापक म्हणायचे, पण मुख्याध्यापकांना सरांबद्दल काहीही बोलायची सवय होती.

शिकवण्यासाठी सरांनी स्वतः चित्रं रंगवली होती. निर्व्यसनी माणसाचं फुप्फुस गुलाबी आणि बिडी ओढणाऱ्याचं काळंजांभळं. हे दुसरं चित्र भरताच्या वांग्यासारखं दिसायचं, आणि दुष्काळाच्या त्या साली शेवटच्या तासाला ते पाहिलं की आम्ही भुकेनं आवंढे गिळायचो. सरांना वाटायचं, मुलं हादरली.

एकदा त्यांनी रुमालाचा प्रयोग केला. बिडीचा धूर पांढऱ्या रुमालातून सोडला की रुमाल पिवळा होतो, तसंच छातीचं होतं, असं दाखवायचं होतं. पण त्यासाठी कुणीतरी बिडी ओढायला हवी. शास्त्रासाठी बलिदान द्यायला कोण तयार आहे, असं विचारताच वर्गातले सगळे मुलगे उभे राहिले. अभ्यासाची इतकी गोडी आमच्या वर्गात पूर्वी कधी दिसली नव्हती. सरांनी त्यातला सगळ्यांत गरीब चेहऱ्याचा मुलगा निवडला, कारण त्याच्या तोंडाला त्या दिवशी नुसता कोथिंबिरीचा वास येत होता. त्यानं काडी ओंजळीत धरून वाऱ्यात पेटवली, दोन झुरके रुमालात सोडले, तिसरा नाकातून काढला आणि बोटानं राख झाडली. सर त्याच्याकडे बघतच राहिले. मग वर्गाकडे वळून गंभीर आवाजात म्हणाले, "पाहिलंत? पहिल्याच बिडीत सवय लागते."

गांजाचंही तेच. मुलांना गांजा ओळखता यावा, म्हणजे तो दिसताच ती दूर पळतील, म्हणून सरांनी फौजदाराच्या हातापाया पडून थोडा गांजा आणला आणि बाटलीत भरून कपाटात ठेवला. वर चिठ्ठी डकवली, 'यास हात लावू नये.' आठवडा सरायच्या आत बाटली निम्मी झाली. सरांनी तासाला सांगितलं की गांजा हा कापरासारखा हवेत उडून जातो आणि म्हणूनच तो धोकादायक आहे.

बाजारात जाऊन व्यापाऱ्यांना शहाणं करायची खुमखुमीही त्यांना यायची. बैलाचा भाव आमच्याकडे तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात. सरांनी एका व्यापाऱ्याचा तंबाखूनं पिवळा झालेला हात भावनेच्या भरात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "आजपासून सोडा, मला शब्द द्या." व्यापाऱ्यानं सवयीनं वर उपरणं टाकलं. सरांनी त्याची बोटं आणखी कळकळीनं दाबली. थोड्याच वेळात सौदा ठरला आणि एक शिंगमोडका खोंड सरांच्या स्वाधीन झाला. तो परत करायला मुख्याध्यापकांना जातीनं जावं लागलं. व्यापारी पुढे कित्येक दिवस सांगायचा, "मास्तर भाव करायला लई चिवट हाय. बोट सोडीना."

आता मी कुठे होते ते सांगते. सरांचा एक सिद्धांत होता की मुलींची जात मुळातच निर्व्यसनी. म्हणून फाटकात फक्त मुलग्यांचा वास घेतला जाई. तेव्हा मॅट्रिक अकरावीलाच व्हायची. आम्ही अकरावीतल्या मूठभर मुली म्हणजे शाळेचं आरोग्य पथक. मी त्या पथकाची प्रमुख. छातीवर हिरवी फीत लावून मी सरांच्या शेजारी उभी राहायची आणि पकडलेल्या मुलांची नावं मोठ्यानं पुकारायची. "मुलींकडे पाहा," सर मुलांना सांगायचे, "त्या मधल्या सुट्टीतसुद्धा दात घासतात."

ते खरं होतं. मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या विहिरीमागे बसून दात घासायचो. मिश्रीनं.

मिश्री म्हणजे काय ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागायचं नाही. तंबाखूचा पाला तव्यावर काळाठिक्कर होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, डबीत भरायचा आणि बोटानं दातांवर फिरवत बसायचं. दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा दात दुखला की आई आपल्या डबीतली चिमूट द्यायची. पहिल्यांदा गरगरतं, मग दुखणं जातं, आणि मग मिश्री लावल्याशिवाय सकाळ होत नाही. दुष्काळात घरात पीठ नसलं तरी मिश्री असायची. आमच्या आया खडी फोडायला जाताना कनवटीला तीच लावून जायच्या, कारण तिनं भूक मरायची. पण तिला व्यसन म्हणावं असं गावातल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. व्यसन म्हणजे तंबाखू, बिडी, चिलीम, आणि ती पुरुषांची. मिश्री म्हणजे दात घासणं. मुलं घरी बहिणींना मिश्री लावताना बघून शाळेत यायची आणि बिडीबद्दल आमच्याकडून नावं पुकारून घ्यायची. आम्हीही तोंडात मिश्री घोळवत ती खणखणीत पुकारायचो. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या वर्षी सरांनी कडक नियम काढला. ज्याच्याकडे तंबाखू सापडेल त्याचं नाव पटावरून कमी. मुख्याध्यापकांनी लगेच सही केली, कारण सही केली नाही तर सर तासभर समजावून सांगतात हे त्यांना ठाऊक होतं. पावसाळा कोरडा गेला तेवढ्यात दोन मुलांची नावं कटली. एक मेंढरांमागे गेला, दुसरा खडी फोडायला. मी त्यांचीही नावं फाटकात पुकारली होती.

माझं स्वतःचं नाव मात्र फार नाजूक धाग्याला लटकलेलं होतं. आमच्या आप्पांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "मॅट्रिक झालीस तर नगरला डी.एड.ला धाडीन. मधीच नाव कटलं, तर वैशाखात बार उडवून टाकीन." बार उडवायला मुलगाही तयार होता. कर्जतकडचा, मळ्यावर पाण्याचं इंजिन असलेला. मी त्याला पाहिलं नव्हतं, पण इंजिनाबद्दल रोज ऐकत होते. मला मास्तरीण व्हायचं होतं, आणि ते सोडून दुसरं काही मला मनापासून हवंसं वाटत नव्हतं.

दिवाळीनंतर नगरहून एक डॉक्टरीणबाई आरोग्य तपासणीला आल्या. सरांनी आठवडाभर आधी भिंतीला चुना लावून घेतला, चित्रं टांगली, आणि बाईंपुढे पहिलं काय उभं केलं असेल तर आमचं पथक. "या आमच्या आदर्श मुली," ते म्हणाले. बाईंनी मला तोंड उघडायला सांगितलं, ओठ बाजूला सारला आणि विचारलं, "तंबाखू कधीपासून खातेस?"

"मी तंबाखू खात नाही," मी म्हटलं, "मी पथकाची प्रमुख आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्या मुलींची तोंडं पाहिली, मग माझ्या दप्तरातली स्नोची जुनी डबी, जिच्यात माझी मिश्री असायची, ती मागून घेतली आणि झाकण काढून सरांच्या नाकाखाली धरली. "मास्तर, वास घ्या."

सरांनी डोळे मिटून वास घेतला. पेरूच्या पाल्याखालची कालची बिडी ओळखणाऱ्या त्या माणसानं आणखी एकदा वास घेतला. मग त्यांचा चेहरा उतरला. पुढे मला उमगलं, की तो वास त्यांना जन्मापासून माहीत होता. त्यांची आई दिवसातून चार वेळा मिश्री लावायची. तो वास त्यांना तंबाखूचा कधी वाटलाच नव्हता. तो त्यांच्या आईचा वास होता. "व्यसनच आहे हे, मास्तर," बाई म्हणाल्या, "आणि तुमच्या मुलांच्या बिडीपेक्षा जुनं आहे." सरांनी डबी बंद करून माझ्या हातात परत दिली, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं. जप्त करायला हवी होती.

तो शनिवार होता. रविवारभर मी घरात तोंड मिटून बसले. आईनं विचारलं, "दात दुखतोय का?" आणि सवयीनं डबी पुढं केली. आप्पांना काही कळलं नव्हतं. सोमवारी माझं नाव कटणार, आणि ते पुकारायचं कामही माझंच होतं.

सोमवारी प्रार्थनेनंतर सर पुढे आले. छत्री उघडून पुन्हा मिटली. "शास्त्र काय सांगतं?" त्यांनी सुरुवात केली. "नियम घरापासून लागू होतो. माझ्या घरी माझी आई मिश्री लावते. तिच्यासाठी तंबाखूचा पाला नगरहून दर महिन्याला मी स्वतः आणतो. म्हणजे सर्वांत आधी नाव कटायचं ते माझं. माझं कटलं तर आरोग्याचा तास कोण घेणार? तेव्हा माझ्या आईची मिश्री सुटेपर्यंत या शाळेत कोणाचंही नाव कापता येणार नाही. ज्यांची कापली ती परत लिहावीत. आईची सुटली की दुसऱ्या दिवशी नियम चालू. सूचना संपली."

मुख्याध्यापक काहीतरी बोलायला गेले, पण तासभर समजून घ्यावं लागेल हे लक्षात येऊन खाली बसले. दोन्ही मुलं परत आली. मेंढरांमागे गेलेल्यानं पहिल्याच दिवशी फाटकात "हा" केला तेव्हा सर नुसते म्हणाले, "सकाळचीच आहे. जा आत."

मग दर शनिवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ दिसू लागली. 'आईची प्रगती : नाही.' त्या ओळीवर आमची मॅट्रिक चालली होती. देवाला हात जोडताना मी गणिताबरोबर सरांच्या आईचं व्यसनही मागून घ्यायची. पण नुसत्या देवावर विसंबून राहणाऱ्या आम्ही नव्हतो. आम्ही मुली पाळीपाळीनं सरांच्या घरी जायला लागलो, आणि जाताना घरची, ताजी, मंद आचेवर भाजलेली, वस्त्रगाळ मिश्री घेऊन जायचो. म्हातारी ठेंगणी, गोल, तोंडानं तिखट. डबी हातात घेऊन विचारायची, "मास्तरांनी धाडली का?"

"न्हाई आजी, आईनं दिली."

"ठिव तिथं. गुनाच्या पोरी हायेत." आणि आमच्यासमोर आपल्या डबीत बोट बुडवून दातांवर फिरवायची. ते पाहून आम्ही सुटकेचा श्वास टाकून घरी यायचो. व्यसनमुक्तीच्या शिक्षणाचा आमच्या गावात झालेला हा सगळ्यांत मोठा परिणाम, की शाळेतल्या हुशार मुली मास्तरांच्या आईला तंबाखू पुरवू लागल्या.

मार्चात परीक्षा झाली. वैशाखात कर्जतच्या इंजिनवाल्याचा बार दुसऱ्याच मुलीशी उडाला. जूनमध्ये निकाल लागला आणि मी पास झाले. पेढे कुठले त्या साली, कागदाच्या पुडीत साखर घेऊन मी सरांच्या घरी गेले. सर आत काहीतरी लिहीत होते. आजी उंबऱ्याशी दातांवर बोट फिरवत बसली होती. मी पाया पडले. तिनं तोंडात साखर टाकली आणि मायेनं डबी पुढं केली. नाही कसं म्हणायचं म्हणून मी चिमूट घेतली आणि दातांवर लावली. खारट लागलं. चक्कर नाही, झणझण नाही.

"आजी, ही तर राखुंडी हाय."

"हळू बोल. आत हाय त्यो."

"मिश्री कुठं गेली?"

"संक्रांतीलाच सुटली." तिनं आत एकदा पाहून घेतलं. "रोज जेवाया बसलं की त्यो ती काळी वांगी भिताडाला टांगायचा, अन् काडीनं दावीत बसायचा. घास गिळंना मला. म्हनलं, त्यापरास सोडलेली बरी. लई डोकं दुखलं, हात थरथरायचे, पर सुटली. तवापास्नं गोवरी जाळून मीठ घालती अन् लावती. त्यानं आनलेली अन् तुमी आनलेली, समदी शेजारनी घिऊन गेल्या."

"मग सरांना सांगितलं का न्हाई?"

"येडी का काय तू? त्यो नेमाचा मानूस हाय. दुसऱ्या दिशी तुमची नावं कापून मोकळा झाला आसता. पोरी घरी बसल्या आसत्या." तिनं पुन्हा बोट बुडवलं. "त्याला काय कळतंय."

मला हसू आलं आणि लगेच सरांची फार कीव आली. इतकी वर्षं घसा कोरडा करून, चित्रं रंगवून, खोंड विकत घेऊन या माणसाच्या तासांनी आख्ख्या पंचक्रोशीत एकच माणूस व्यसनातून सोडवला होता. तो माणूस रोज त्यांच्या शेजारी जेवायला बसत होता, आणि त्यांना ते कुणी सांगणार नव्हतं. मीही नाही. मी आजीकडून ओंजळभर राखुंडी मागून घेतली आणि साखरेच्या रिकाम्या पुडीत बांधली. मिश्री मला लगेच सुटली नाही, पण सोडायला मी त्या दिवशी घेतली.

सर मला चावडीपर्यंत पोचवायला आले. वाटेत त्यांनी डी.एड.चं सगळं विचारलं, नगरला राहायचं कुठे, खानावळ कुठली.

"आईनं डबी पुढं केली असेल," ते म्हणाले.

"हो सर."

"घेतलीस?"

"चिमूटभर."

"मग?"

"फार कडक आहे, सर," मी म्हटलं. "मला तर गरगरलंच."

सरांनी मान डोलावली. "शास्त्र काय सांगतं? जुनी सवय आहे, सुटायला वेळ लागणार. पुढच्या अकरावीत यंदापेक्षा जास्त मुली आहेत. त्यांची मॅट्रिक होईस्तोवर तरी काही सुटेल असं मला दिसत नाही." चावडी आली तसे ते थांबले आणि छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "तुम्हा मुलींचं ती ऐकते. पुन्हा आलीस की तिला तेवढं मीठ कमी घालायला सांग. हिरड्या सोलून निघतात तिच्या."

मी "हो" म्हटलं. ते वळून घराकडे चालू लागले.